यंत्राशेजारचे टिपण : लिनक्स कर्नलमधील ड्रायव्हर-दस्तऐवजीकरणाचा इतिहास आणि सातारा-सांगलीचा परिसर

प्रस्तावना :

कोणत्याही यंत्राचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम संशोधकाकडे, मग कारखान्याकडे आणि त्यानंतर बाजाराकडे जाते. यंत्राबरोबर येणारा कागद मात्र सहसा इतिहासाचे साधन मानला जात नाही. यंत्र कसे जोडावे, कसे चालवावे व कोणत्या परिस्थितीत चालवू नये हे सांगणारे ते साधे टिपण असते. प्रस्तुत निबंधात अशा टिपणांच्या एका प्रचंड संग्रहाचा विचार करावयाचा आहे. लिनक्स या ओपन सोर्स कार्यप्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यामध्ये, हा संग्रह तीन दशकांहून अधिक काळ वाढत आहे.

संगणकाला जोडलेले नेटवर्क कार्ड, डिस्क, छपाईयंत्र किंवा कॅमेरा यांच्याशी त्यांच्या त्यांच्या रीतीने व्यवहार करणारा कर्नलचा भाग म्हणजे ड्रायव्हर होय. कर्नल तयार करताना कोणते ड्रायव्हर त्यात घ्यावयाचे, कोणते वगळावयाचे व कोणते गरजेनुसार मागाहून जोडावयाचे हे ठरविणे म्हणजे कॉन्फिगरेशन. हा निर्णय घेणाऱ्या माणसासमोर हजारो पर्याय असतात. प्रत्येक पर्यायाखालील चार-सहा ओळींचे टिपण हाच त्याचा आधार असतो.

हा विषय सातारा-सांगलीच्या परिसरातून पाहण्याचे कारण केवळ लेखकाच्या निवासाचे नाही. यंत्र आणि यंत्राविषयीचा मराठी मजकूर एकाच ठिकाणी तयार होण्याचा एक ठळक प्रयोग विसाव्या शतकाच्या आरंभी याच भागात झाला. मराठी विश्वकोशाचे कार्य याच भागात उभे राहिले. आज येथील अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या वर्गांतून लिनक्स शिकविले जाते. तरीही कर्नलच्या दस्तऐवजांमध्ये मराठी नाही. या अभावाचा इतिहास तपासणे हा निबंधाचा हेतू आहे.

दोन डिस्कांचा कर्नल :

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोर्वाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या कामाची वार्ता जगाला दिली. त्या वेळी त्यांनी कबूल केले होते की ए.टी. प्रकारच्या हार्डडिस्कशिवाय अन्य कशालाही ही प्रणाली बहुधा कधीच चालणार नाही, कारण त्यांच्याजवळ तेवढेच होते. सप्टेंबर १९९१ मधील ०.०१ या आवृत्तीत कॉन्फिगरेशनची जी फाईल आहे तिच्यात दोनच डिस्कांची सोय दिसते. एक स्वतः टोर्वाल्ड्स यांची आणि दुसरी त्यांचे मित्र लार्स वीर्झेनियस यांची. ज्याला तिसरी डिस्क वापरावयाची असेल त्याने फाईल उघडून आकडे बदलावेत, अशी व्यवस्था होती. येथे वेगळ्या दस्तऐवजाची आवश्यकताच नव्हती. लिहिणारा आणि वापरणारा यांच्यात फार तर एका खोलीचे अंतर होते.

हे अंतर वाढले ते परवान्यामुळे. १९९२ मध्ये कर्नल जी.पी.एल. या परवान्याखाली आला. कोणीही तो वापरावा, बदलावा व बदललेला पुन्हा वाटावा अशी मुभा मिळताच निरनिराळ्या देशांतील लोक आपापल्या उपकरणांचे ड्रायव्हर पाठवू लागले. १.० ही आवृत्ती मार्च १९९४ ची आहे. पुढच्याच वर्षीच्या १.२ आवृत्तीपर्यंत ड्रायव्हर वेगळ्या मोड्यूलच्या रूपाने चालू कर्नलला जोडण्याची सोयही आली होती. यामुळे कॉन्फिगरेशनच्या प्रश्नाला ‘होय’ व ‘नाही’ यांच्या जोडीला ‘मोड्यूल’ असे तिसरे उत्तर मिळाले. वाय, एन आणि एम ही तीन अक्षरे कर्नल बांधणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची आहेत.

त्या काळी प्रश्न एकामागून एक विचारले जात. मध्येच चुकीचे उत्तर दिले गेले तर बहुधा पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागे. अशा वेळी प्रश्नाचा अर्थ कळणे ही चैन नव्हती.

एक मोठी फाईल आणि तिचे विभाजन :

या गरजेतून ‘कॉन्फिगर डॉट हेल्प’ ही फाईल निर्माण झाली. प्रत्येक पर्यायाचे स्पष्टीकरण तिच्यात एकत्र ठेवलेले असे. अ‍ॅक्सेल बोल्ट यांनी तिची दीर्घकाळ देखभाल केली. २.४ या आवृत्तीच्या काळात तिने वीस हजार ओळींची मर्यादा ओलांडली होती. ती वाचताना तिची भाषा लक्षात राहते. कार्यालयीन परिपत्रकाचा कोरडेपणा तिच्यात नाही. शेजारच्या अनुभवी माणसाने सल्ला द्यावा तसा तिचा सूर आहे: हे उपकरण तुमच्याजवळ असेल तर ‘होय’ म्हणा, खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा, आणि ‘नाही’ म्हटल्याने काय अडेल तेही पाहून ठेवा. खात्री नसणारा वाचक हा या मजकुराचा गृहीत वाचक आहे, ही गोष्ट दस्तऐवजीकरणाच्या इतिहासात महत्त्वाची मानली पाहिजे.

परंतु फाईल एक आणि ड्रायव्हर शेकडो, अशी स्थिती झाली की जे व्हावयाचे तेच झाले. ड्रायव्हर बदलणारा एका जागी काम करी व टिपण दुसऱ्या जागी पडून राही. एरिक रेमंड यांनी २००० च्या सुमारास कॉन्फिगरेशनची संपूर्ण नवी व्यवस्था सुचविली. ती पायथन भाषेत लिहिलेली होती व तिच्यातील कल्पना अनेक दृष्टींनी चांगल्या होत्या. मात्र कर्नल बांधण्यासाठी आणखी एका भाषेवर अवलंबून राहणे आणि एवढा मोठा बदल एकदम स्वीकारणे विकासकांना मान्य झाले नाही. २००२ मध्ये ही योजना मागे पडली. त्याच वर्षी रोमन झिपेल यांची ‘केकॉन्फिग’ ही व्यवस्था २.५.४५ या विकास-आवृत्तीत आली. तत्पूर्वी काही महिने मोठ्या फाईलचे तुकडे करून ते ज्या त्या विभागात नेऊन ठेवले गेले होते. केकॉन्फिगने पर्याय, त्याच्या अटी आणि त्याचे टिपण ही तिन्ही एकाच नोंदीत बांधली. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आवृत्ती प्रसिद्ध झाली ती या नव्या रचनेसह.

वरवर पाहता ही केवळ कपाटातील कागद हलविण्याची बाब वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र कर्नलच्या दस्तऐवजीकरणातील हा सर्वांत निर्णायक बदल होय. ड्रायव्हर दुरुस्त करणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच टिपण आले. नवा पर्याय घालून त्याखाली पुरेसा मजकूर न लिहिल्यास कर्नलची तपासणी करणारी आज्ञावली तशी सूचना देते. चार ओळींपेक्षा कमी वर्णन तिला पुरेसे वाटत नाही. याउलट उदाहरणही कर्नलच्याच इतिहासात सापडते. कोणती सुविधा केव्हा काढून टाकली जाणार आहे याचे वेळापत्रक दस्तऐवजांच्या विभागात स्वतंत्र फाईल करून ठेवले होते. सुविधा एकीकडे व तिच्या निरोपाची तारीख दुसरीकडे, असा तो प्रकार होता. त्याचा कोणाला उपयोग होत नाही असे पाहून टोर्वाल्ड्स यांनी ती फाईलच २०१२ मध्ये काढून टाकली.

एक छोटे उदाहरण घेऊ. रियलटेक कंपनीच्या ८१३९ या चिपवर चालणारे स्वस्त नेटवर्क कार्ड एके काळी घरोघरीच्या व प्रयोगशाळांमधील संगणकांत सर्रास आढळे. त्याचा लिनक्स ड्रायव्हर प्रथम डोनाल्ड बेकर यांनी लिहिला. नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ मध्ये साध्या संगणकांची जुळणी करून बेवूल्फ हा समूह-संगणक उभारणाऱ्यांपैकी ते एक होत. पुढे जेफ गार्झिक यांनी त्या ड्रायव्हरचे नवे रूप तयार केले. केकॉन्फिगमध्ये त्याच्याखाली काही उपपर्याय आहेत. त्यांपैकी एक सांगतो की तुमच्या मदरबोर्डमध्ये स्मृतीच्या सुसंगतीचे दोष असतील, तर कार्डाशी सामायिक स्मृतीऐवजी पोर्टांच्या मार्गाने व्यवहार केल्यास अडचण दूर होऊ शकेल. दुसरा पर्याय याच घराण्यातील जुन्या कार्डांसाठी आहे. कार्ड कंपनीचे, दोष मदरबोर्डाचा आणि उपाय ड्रायव्हरमध्ये. हे तिहेरी नाते चार ओळींत सांगणारा मजकूर कार्डाच्या खोक्यात मिळण्यासारखा नव्हता. तो अनेकांच्या अडचणींतून साकळत गेला आहे.

निर्मात्याने कागदच दिला नाही तर काय होते, तेही पाहण्याजोगे आहे. ब्रॉडकॉम कंपनीच्या वायरलेस चिपची माहिती मुक्त विकासकांना उपलब्ध नव्हती. तेव्हा काहींनी कंपनीच्या ड्रायव्हरचा उलगडा करून चिपच्या वर्तनाचे वर्णन लिहून काढले, आणि इतरांनी केवळ त्या वर्णनावरून ड्रायव्हर रचला. २००६ मध्ये २.६.१७ आवृत्तीत तो समाविष्ट झाला. येथे टिपण आधी जन्मले व यंत्र चालविणारी आज्ञावली नंतर. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर २०१० मध्ये प्रसिद्ध केला.

किर्लोस्करवाडीचा प्रयोग :

टिपण यंत्राशेजारी असावे, हे सूत्र संगणकाच्या आधीचे आहे. आपल्या परिसरात त्याचे जे उदाहरण आहे ते लोखंडाचे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील अध्यापन सोडून बेळगावात उद्योग उभारला. तेथील जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानातील कुंडल येथे जमीन दिली. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. औंध साताऱ्यात, कुंडल आजच्या सांगलीत. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ असा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, हे लक्षात घेता या दोन जिल्ह्यांचा औद्योगिक इतिहास वेगळा करणे कठीणच आहे.

लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगितले जाते. म्हणजे मालाइतकीच, किंबहुना मालाच्या आधी, मालाविषयीच्या शब्दांची गरज होती. १९२० मध्ये शं. वा. किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू झाले ते कारखान्याची, त्याच्या मालाची व माणसांची माहिती देणारे गृहपत्र म्हणून. पुढे त्यातील ‘खबर’ गळाले, ‘किर्लोस्कर’ हे नाव राहिले आणि मराठी मध्यमवर्गाचे ते एक प्रमुख मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला लाभली. वाङ्मयेतिहासात या मासिकाची नोंद कथा, व्यंगचित्रे व सामाजिक सुधारणा यांच्या संदर्भात होते आणि ती योग्यच आहे. परंतु त्याचे मूळ कारखान्याच्या पत्रकात आहे, हे आपण सहसा विसरतो. नांगर ओतणारी भट्टी आणि नांगराविषयी लिहिणारी लेखणी एकाच वाडीत होती. शेतकऱ्याची शंका, कारागिराचा अनुभव आणि संपादकाचे वाक्य यांच्यातील अंतर पायी चालण्याइतके होते.

शब्दांचा प्रश्नही येथे वेगळ्या रीतीने सुटला. नांगराचे फाळ, रुमणे, हाळीस हे अवयव शेतकऱ्याच्या तोंडी होतेच. पुढे कृष्णाकाठी पंप आले. त्यांच्याबरोबर मोटर, स्टार्टर, पॅकिंग हे शब्द जसेच्या तसे शिरले, तर फूटव्हॉल्व्हचा अनेक ठिकाणी ‘फुटबॉल’ झाला. भाषाशुद्धीच्या दृष्टीने हा अपभ्रंश म्हणता येईल. परंतु विहिरीवर उभा असलेला माणूस ‘फुटबॉल लीक आहे’ म्हणतो, तेव्हा दोषाचे नेमके स्थान त्याला माहीत असते आणि ऐकणाऱ्यालाही ते कळते. कर्नलमधील टिपणांना याहून अधिक काही साधावयाचे नसते.

वाईचा मार्ग :

मराठीतील तांत्रिक लेखनाचा दुसरा मार्ग वाईहून जातो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य तेथे चालले. पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विज्ञान व तंत्रविद्या यांच्या नोंदींनी मराठी गद्याला जी शिस्त दिली तिचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि विश्वकोशाची नोंद व ड्रायव्हरचे टिपण यांची जात भिन्न आहे. विश्वकोश वस्तू स्थिरावल्यावर तिचे वर्णन करतो. परिभाषा आधी निश्चित करावी व मग लेखन करावे, हा त्याचा क्रम त्याच्या कार्याला साजेसा आहे. ड्रायव्हर मात्र प्रत्येक आवृत्तीत बदलू शकतो, म्हणून त्याचे टिपण कधीच पूर्ण होत नाही. आपल्या विद्यापीठीय जगात संगणकविषयक मराठी लेखनाची चर्चा निघाली की ती ‘इंटरप्ट’ला मराठीत काय म्हणावे येथे सुरू होते आणि बऱ्याचदा तेथेच थांबते. वाईचा मार्ग आदरणीय आहे, पण या कामासाठी किर्लोस्करवाडीचा अधिक उपयोगी पडला असता.

भाषांतराच्या सोयीची तेरा वर्षे :

कर्नलमध्ये इंग्रजीखेरीज अन्य भाषांना जागाच नव्हती, असे मानणे बरोबर होणार नाही. २००५ मध्ये केकॉन्फिगच्या व्यवस्थेत स्थानिक भाषांची सोय करण्यात आली. प्रश्न व त्यांखालील मदतीचा मजकूर वेगळा काढून त्याचे भाषांतर करावे आणि कॉन्फिगरेशन करणाऱ्याला ते आपल्या भाषेत दिसावे, असा तिचा उद्देश होता. २०१८ मध्ये ही सोय काढून टाकण्यात आली. ती मोडलेली आहे, तिचा कोणी वापर करीत असल्याचे दिसत नाही आणि कित्येक वर्षांत तिच्यावर काम झालेले नाही, हे कारण देण्यात आले. त्या निर्णयात कोणत्याही भाषेविषयी आकस नव्हता. दार तेरा वर्षे उघडे होते आणि आत कोणी येत नाही म्हणून ते बंद झाले.

याच कालखंडात महाराष्ट्रात मुक्त सॉफ्टवेअर निद्रिस्त होते असेही नाही. मुंबईतून इंडलिनक्स प्रकल्पाने भारतीय भाषांतील लिनक्सचा पाठपुरावा केला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरविलेले लोहित फाँट रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले. ग्नोम व केडीई या पडद्यावरील वातावरणांची मराठी भाषांतरे झाली. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप कार्यशाळा घेत आला आहे. १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी स्थापिलेल्या या संस्थेसारखी तांत्रिक परंपरा जिल्ह्यात असणे ही मोठीच जमेची बाजू होय. पण हे सर्व मराठी काम वरच्या मजल्यावर झाले. ‘फाईल’, ‘संपादन’, ‘जतन करा’ हे मराठीत आले, आणि यंत्राशी प्रत्यक्ष बोलणारा तळमजला इंग्रजीतच राहिला. याला एक तांत्रिक कारणही आहे. कर्नलच्या स्वतःच्या मजकुरी पडद्यावर एका वेळी फार तर ५१२ अक्षरचिन्हे बसतात, आणि देवनागरीतील जोडाक्षरे व मात्रा यांची जुळणी तो करीत नाही. परंतु या कारणाआड फार काळ लपता येत नाही, कारण बांधणी आलेखी पडद्यावरही करता येते आणि दस्तऐवज तर कोठेही वाचता येतात.

कर्नलच्या दस्तऐवज-विभागात भाषांतरांसाठी स्वतंत्र जागा आहे. २००७ पासून जपानी, कोरियन व चिनी भाषांतरे येऊ लागली. नंतर इटालियन व स्पॅनिश आल्या. २०१६ मध्ये सर्व दस्तऐवज स्फिंक्स या नव्या मांडणीत नेण्यास जोनाथन कॉर्बेट प्रभृतींनी आरंभ केल्यावर ही भाषांतरे मूळ मजकुराबरोबरच पानांच्या रूपात तयार होतात. त्यांत एकही भारतीय भाषा नाही. कोट्यवधींच्या भाषा नाहीत आणि इटालियन आहे, याचा संबंध भाषिकांच्या संख्येशी लावता येत नाही. ज्या भाषेत ड्रायव्हर लिहिणारी माणसे आपापसांत ड्रायव्हरविषयी बोलतात, ती भाषा तेथे पोहोचते. आपल्याकडे कर्नल समजणारा तरुण त्याविषयी मराठीत बोलत असेलही, लिहीत मात्र नाही. कारण त्याच्या लेखनाला गुण, श्रेयांक किंवा पदोन्नती यांपैकी काहीही मिळत नाही. ही उणीव विद्यार्थ्यांची नसून आपल्या मूल्यमापनाची आहे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील शक्यता :

संपूर्ण केकॉन्फिगचे मराठी भाषांतर करावे, अशी सूचना येथे अभिप्रेत नाही. तशी योजना मांडली तर तिला समिती मिळेल, कदाचित अनुदानही मिळेल, आणि पूर्ण होण्याआधी मूळ मजकूर बदललेला असेल. विद्यमान भाषांतरांनाही हा रोग आहे. मूळ इंग्रजी मजकूर पुढे गेला व भाषांतर मागे राहिले, अशा फाईली शोधून देणारी आज्ञावली २०२४ मध्ये कर्नलमध्येच समाविष्ट करावी लागली.

त्याऐवजी ज्या उपकरणाला विद्यार्थी हात लावतो त्याचेच टिपण त्याने लिहावे. प्रकल्पासाठी वापरलेले सेन्सरचे बोर्ड, प्रयोगशाळेतील जुने नेटवर्क कार्ड किंवा यूएसबी जोडणी यांपैकी एक घ्यावे. कोणता पर्याय ‘होय’ ठेवला, कोणता मोड्यूल केला, काय अडले, कोणत्या आवृत्तीवर अडले आणि कशाने सुटले, हे त्याने एका पानात मांडावे. परिभाषेसाठी थांबू नये. ‘ड्रायव्हर’ला ‘ड्रायव्हर’ म्हणावे आणि क्रियापद मराठी असावे. आवृत्तीचा क्रमांक व दिनांक मात्र वगळू नये, कारण त्यांच्याविना असे पान पुढच्या वाचकाची दिशाभूल करील. इतिहासाच्या अध्यापकाला हे वेगळे सांगावे लागत नाही. राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो वाईत मिळालेल्या कागदपत्रांवर, आणि मिती नसलेला कागद लावताना संशोधकाला काय यातायात करावी लागते हे तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे.

कर्नलने हे काम २००४ व २००५ या दोन वर्षांत आपल्या नित्याच्या व्यवहारात आणले. एस.सी.ओ. कंपनीच्या दाव्यानंतर, आपण पाठवीत असलेला मजकूर आपण देऊ शकतो असे प्रमाणित करणारी स्वाक्षरी प्रत्येक बदलाखाली करण्याची पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. एप्रिल २००५ मध्ये टोर्वाल्ड्स यांनी गिट ही नोंदव्यवस्था रचली. तेव्हापासून कोणत्या ओळीत कोणी, केव्हा आणि का बदल केला हे शोधता येते. वर उल्लेखिलेला २०१८ चा निर्णयही त्याच नोंदींत वाचावयास मिळतो. प्रत्येक विभागाची जबाबदारी कोणाची हे सांगणारी एक सूची कर्नलमध्ये असते. ज्याला कोणी उरले नाही त्या विभागापुढे ‘अनाथ’ असा शेरा तीत उघडपणे लिहिलेला आढळतो. भाषांतरांचीही तेथे नोंद होते व त्यांपुढे माणसाचे नाव लागते. मराठीच्या नोंदीसाठी आरंभी एकाच नावाची आवश्यकता आहे, आणि त्या नावाने पुढच्या आवृत्तीच्या वेळीही हजर असले पाहिजे.